उगवतीचे, मावळतीचे

फौजेत माझी चोवीस वर्षं नोकरी झाली. त्यातले सर्वांत सुखाचे दिवस कोणते, असं कुणी विचारलं तर मी बावीस दिवस सांगतो, आणि तेही ऐन लढाईच्या मुलखातले. ऐकणाऱ्याला वाटतं, हा थट्टा करतोय.

मी रामदास, घाटघरचा. नाणेघाटाच्या माथ्यावर आमचं गाव. भात, नाचणी, वरई आणि दावणीला चार गुरं, एवढ्यावर आमच्या पिढ्या गेल्या. भरती झालो तेव्हा वाटलं होतं, हातात बंदूक येईल. पण गुरांची सवय बघून साहेबांनी मला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर केलं. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुया द्यायच्या. खेचरं, घोडे, कुत्रे, सगळ्यांच्या लाथा नि चावे खाऊन मी हवालदार म्हणून घरी आलो. आता मोटरसायकलला बर्फाची पेटी बांधून दवाखान्यातल्या डॉक्टरांसोबत वाड्यावस्त्यांवर लशी देत फिरतो. सगळे मलाही ‘डॉक्टर’च म्हणतात. नाही, नाही म्हणून मी थकलो.

यंदा वैशाखात घाटघरला घटसर्पाची लस चालू होती. पाऊस लागायच्या आत ही लस दिलेली बरी, नाहीतर गळ्याला सूज येऊन धडधाकट जनावर दोन दिवसांत आडवं होतं. धोंडाबाई तिची तांबडी गाय घेऊन आली होती. पंचाहत्तरीची बाई, पण गाईची वेसण दुसऱ्याच्या हाती देत नाही. मी सुई भरत होतो, तेव्हा ती म्हणाली, “रामदास, तू तिकडं आफ्रिकेत व्हतास न्हवं? तिकडली गुरं टोचून घेत्यात का रं?”

“घेत्यात की मावशी. हितल्यापरीस गुणाची.”

“आन माणसं?”

मी हसलो, पण ती उत्तराची वाट बघत उभीच राहिली. मग गुरं आटोपल्यावर शाळेच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. चहा घेऊन आलेली माझी बायको नूतन किटली हातात धरून तशीच ऐकत उभी राहिली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण तिलाही ही गोष्ट मी शेवटापर्यंत कधी सांगितली नव्हती.

ती अशी.

दोन हजार सतरा साल. दक्षिण सुदान हा तेव्हा सहा वर्षांचा देश होता, आणि त्यातली निम्मी वर्षं आपसातल्या लढाईत गेली होती. सरकारी फौज एकीकडे, विरोधकांची फौज दुसरीकडे. आम्ही संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून मध्ये. पांढऱ्या नाईलच्या काठी पालोंग नावाच्या गावाजवळ आमची छावणी होती. त्या गावाच्या मधून नदी गेलेली. पूर्वेच्या काठावर सरकारी फौज बसली आणि पश्चिमेच्या काठावर विरोधक. गाव मात्र एकच. या काठाच्या मुली त्या काठाला दिलेल्या, त्या काठाचे मामा या काठाला. तीन वर्षं आमच्या निळ्या झेंड्याच्या नावेशिवाय कुणी नाव पाण्यात घातली नव्हती. घातली की गोळी यायची.

त्या उन्हाळ्यात गुरांना घटसर्प झाला. तिकडची माणसं पोरांपेक्षा गुरांची नावं आधी सांगतात. हातभर लांब शिंगांची, पांढरी, राखेनं माखलेली ती गुरं मरायला लागली, आणि दोन्ही काठांची म्हातारी माणसं वेगवेगळ्या दिवशी आमच्या छावणीच्या दारात येऊन बसली. दोघांचं गाऱ्हाणं तेच. आमचे डॉक्टर कॅप्टन साहेब जरा हट्टी होते. ते म्हणाले, “पाणी एकाच नदीचं पितात. एका काठाला लस दिली आणि दुसऱ्याला नाही, तर काही उपयोग नाही. देईन तर दोन्हीकडं. आणि माझ्या माणसांवर गोळी येणार नसेल तरच.”

तिथून बोलणी सुरू झाली. तीन आठवडे चालली. मोठ्या शहरात, मोठ्या हॉटेलात मोठे लोक तह करत होते ते वेगळे. आमचा तह पूर्वेच्या काठावरच्या एका नदीघाटापुरता, गुरांपुरता.

बोलणी चालू असताना एक दिवस आम्हाला पश्चिमेच्या काठावर आजारी गुरं बघायला जाऊ दिलं. एक गाय फार बुजलेली. तिच्या मानेवरून हात फिरवत मी, माझी आई अंबाबाई म्हणायची तसं म्हणालो, “उगी, उगी गं बाय. कुनी न्हाई मारत तुला.”

मागून आवाज आला, “काय राव. लई दिवसांनी मराठी ऐकली.”

मी वळून पाहिलं. सहा फुटांच्या वर उंच, काळाभोर माणूस, फाटका शर्ट, कानाला पेन लावलेलं. माझ्या हातातली सुई पडली. तो हसायला लागला.

त्याचं नाव स्टीफन ओयाय. विरोधकांच्या कमांडरचा तो चिटणीस. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्यात कॉलेजात शिकत होता. तेव्हा त्या देशातली पुष्कळ मुलं पुण्यात असत. कोंढव्यात खोली, पीएमटीचा पास, मंडईत भाजी. त्याला मिसळ आठवत होती, पाऊस आठवत होता, घरमालकीणबाईंच्या शिव्याही आठवत होत्या. मी जुन्नरकडचा म्हटल्यावर त्यानं माझे दोन्ही हात धरले. जुन्नरचा तन्वीर त्याच्या वर्गात होता. ईदला तो याला घरी घेऊन गेला होता. गादीवाल्यांचं घर, जामा मशिदीच्या मागच्या गल्लीत. तन्वीरची अम्मी, जैबुन्निसा, हिनं याला तीन वाट्या शिरखुर्मा खायला लावला आणि झोपायला कारखान्यातल्या दोन गाद्या जोडून दिल्या, कारण एका गादीवर त्याचे पाय मावत नव्हते. दुसऱ्या दिवशी दोघं लेण्याद्रीच्या पायऱ्या चढले.

“तिथून वरून नदी दिसती,” तो म्हणाला.

“कुकडी,” मी म्हणालो.

“हां, कुकडी.” तो ते नाव दोनदा म्हणाला. आमच्यामागे दोन बंदूकवाले पोरगे संशयानं बघत होते. आम्ही गाईकडे वळलो.

कराराचा कागद मात्र शब्दांवर अडला. सरकारी बाजूचे मेजर अकोल म्हणून होते, सुकलेल्या अंगाचे, क्वचित बोलणारे. ते म्हणाले, ‘विरोधी फौज’ असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली तर उद्या राजधानीत माझी मान जाईल. पलीकडचे म्हणाले, ‘बंडखोर’ लिहाल तर आम्ही उठून जाऊ. दोन दिवस नुसतं नावावरून अडलं. कडुनिंबाच्या झाडाखाली सगळे बसलेले. कडुनिंब तिकडंही आपल्यासारखाच, त्याची कडू-गोड सावली तीच.

स्टीफन पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “तुमच्याकडं दोन बाजू असल्या, तर नावं काय देतात?”

मी म्हणालो, “आमच्याकडं दिशा सांगायची तर उगवतीकडं न् मावळतीकडं म्हनत्यात.”

त्यानं पेन कानावरून काढलं. परत जाऊन आपल्या भाषेत काहीतरी बोलला. म्हातारे लोक एकदम मान हलवायला लागले. मेजर अकोलांनी कागदावरून बोट फिरवलं, मग विचारलं, “सूर्य कुणाच्या पक्षात आहे?” उत्तराची वाट न बघता त्यांनी सही केली. कागदावर लिहिलं होतं: उगवतीच्या काठाचे गुरेवाले आणि मावळतीच्या काठाचे गुरेवाले यांच्यात असं ठरलं की, दहा दिवस, सूर्योदयापासून दुपारपर्यंत, घाटाच्या टप्प्यात कुणी गोळी झाडणार नाही. येताना काठी आणायची, बंदूक नाही. एकमेकांची गुरं वळवून न्यायची नाहीत. नावा चालतील.

पहिल्या दिवशी माणसं येईनात. दोन्ही काठांवर गर्दी, पण घाट रिकामा. शेवटी पोहून आलेला एक बैल खोड्यात घातला. लाकडाचे खांब रोवून केलेला अरुंद बोळ तो, जनावर हलू नये म्हणून. बैलानं खोडाच मोडला आणि सुसाट पळत जाऊन मेजर अकोलांच्या राहुटीत घुसला. राहुटी कोसळली. कापडाखालून बैलाची शिंगं आणि मेजरसाहेबांचे बूट एवढंच दिसत होतं. मग कापडाखालून मेजर बाहेर आले, डोक्यावर दोरी, आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “हा कोणत्या काठाचा?”

“मावळतीचा,” कुणीतरी घाबरत सांगितलं.

“मग ह्याला आधी टोचा.”

आधी एक म्हातारी हसली. मग उगवतीचा काठ हसला, मग मावळतीचा. पाण्यावरून हसणं इकडून तिकडं गेलं. त्यानंतर नावा आल्या.

ते दिवस अजून डोळ्यांपुढे आहेत. पहाटेचं धुकं नदीवर, शेणाच्या धुन्यांचा धूर, त्यातून पोहत येणारी गुरं, पाण्यावर फक्त नाकं आणि शिंगं. मी, आमचा आणखी एक ड्रेसर आणि गावातली आठ शिकवलेली माणसं, दिवसाला चारशे जनावरं. टोचलेल्या जनावराला निळ्या रंगाचा पट्टा. दोन काठांना दोन रंग द्या असं कुणीतरी म्हणालं, तर साहेब म्हणाले, माझ्याकडं एकच डबा आहे. चौथ्या दिवशी बायकांनी घाटावर चहाची चूल मांडली. सातव्या दिवशी दोन सख्खे भाऊ भेटले. एक सरकारी फौजेत, एक पलीकडे. ते रडलेबिडले नाहीत. शेजारी शेजारी बसून बराच वेळ एका गाईविषयी बोलत राहिले, तिचं वासरू कसं निघालं वगैरे. दहा दिवस संपले तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनीच जाऊन आणखी पंधरा दिवस मागून घेतले.

दुपारी काम संपलं की स्टीफन माझ्याजवळ बसायचा. मराठीचे शब्द आठवायचा, जसे कुणी खिसे चाचपावेत. ‘चुकूर’ म्हणाला एकदा. मी म्हटलं, चुकून. ‘उद्या या’ हे त्याला फार छान येत होतं, कारण पुण्यातल्या प्रत्येक कचेरीत त्याला ते ऐकवलं होतं. मी त्याला घाटघरचं सांगायचो. तो मला त्याच्या बापाच्या गुरांचं. घरापासून इतक्या लांब मला इतकं घरच्यासारखं कधी वाटलं नाही, आणि घरी आल्यावरही कधी कधी वाटत नाही.

बाविसाव्या दिवशी सत्तरेक गुरं उरली होती. ती मावळतीच्या काठाची. “उद्या संपवू,” मी म्हणालो. नावेत बसताना स्टीफन म्हणाला, “रामदास, जुन्नरला गेलास की तन्वीरच्या अम्मीला भेट. सांग, स्टीफन बरा आहे. शिरखुर्मा विसरला नाही.”

“सांगतो,” मी म्हणालो.

तेविसाव्या दिवशी सकाळी आम्ही पेट्या भरत असतानाच तोफा सुरू झाल्या. उगवतीच्या काठावरून मावळतीच्या काठावर. आमची नाव काठालाच थांबवली. दुर्बिणीतून एवढंच दिसलं की पलीकडची झोपडी न् झोपडी पेटली होती. दोन दिवसांनी आम्ही जाऊन आलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं. काही माणसं पुरलेली होती, कोण ते कळायला मार्ग नव्हता. पंधरा दिवसांनी आमची पलटण बदलली.

ओट्यावर हे सांगून झालं तेव्हा धोंडाबाई म्हणाली, “त्या मेजरनं घात केला म्हनायचा.”

“केला,” मी म्हणालो. आठ वर्षं मी हेच धरून होतो. सही करणाऱ्या त्या हाताचा मला राग होता.

घरी आल्यावर नूतननं विचारलं, “मग त्या अम्मीला सांगितलं का तुमी?”

“काय सांगू? निरोप व्हता, मी बरा आहे. आन तो जित्ता तरी हाये का हे मलाच ठाव न्हाई. मेला असंल तर खोटं सांगायचं का म्हातारीला?”

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “निरोप दुसऱ्याचा असतो. आपल्यापाशी ठेवून घ्यायचा नसतो. जे हाय ते सांगा.”

दुसऱ्या आठवड्यात मी जुन्नरला गेलो. मशिदीमागच्या गल्लीत विचारलं. एका कुलूपवाल्यानं सांगितलं, गादीवाले गेले मंचरला, चार वर्षं झाली, एसटी स्टँडपासून जवळच दुकान आहे. जुन्नर तालुका सोडून आंबेगाव तालुक्यात. मी तसाच मंचरच्या गाडीत बसलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. नारायणगाव गेलं तरी पहिलंच वाक्य जमेना.

दुकानात पन्नाशीकडे झुकलेला माणूस कापसाच्या ढिगाशेजारी उशांच्या खोळी शिवत होता. मी म्हणालो, “तन्वीरभाऊ का? मी रामदास, घाटघरचा. फौजेत व्हतो. सुदानात.”

त्यानं मशीन थांबवलं. उठून आतल्या पडद्याकडे तोंड करून हाक मारली, “अम्मी. तो आला.”

मला काही कळेना. आतून काठी टेकत एक बारीकशी म्हातारी आली, जैबुन्निसा. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “बस. लई उशीर केलास बाबा.”

मग तन्वीरनं सांगितलं. दोन हजार एकोणीसमध्ये त्याला एक परदेशी नंबरवरून फोन आला होता. स्टीफन जिवंत होता. सीमेपलीकडे, युगांडातल्या निर्वासितांच्या छावणीत शाळेत शिकवत होता. कॉलेजच्या एका ग्रुपवरून त्यानं तन्वीरचा नंबर मिळवला. पहिल्याच फोनमध्ये विचारलं, फौजी आला होता का? तेव्हापासून ही माणसं माझी वाट बघत होती.

“गावाचं नाव त्याला आठवंना,” तन्वीर म्हणाला. “नाणेघाट, रामदास, मिलिटरी, एवढंच. मी ओतूरपर्यंत विचारलं राव. रामदास मिलिटरीवाला कुणालाच माहीत न्हाई.”

“मला डॉक्टर म्हनत्यात,” मी म्हणालो, आणि खाली बघत राहिलो.

जैबुन्निसा जवळ सरकून बसली. “तुला वाटलं असंल, म्हातारीला वाईट खबर कशी द्यायची.”

“व्हय.”

“म्हाताऱ्यांना लई वाईट खबरी ठाव असत्यात. तू यायचं व्हतंस.” तिनं एवढंच बोलून नातीला, समरीनला, फोन लावायला सांगितलं.

पडद्यावर आधी छप्पर दिसलं, मग एक कपाळ, मग स्टीफन. केस पांढरे झालेले, पुढचा एक दात नाही. मग तो म्हणाला, “उद्या या,” आणि तन्वीरला त्यातली गंमत ठाऊक नव्हती तरी तोही हसला.

मी विचारलं, “त्या दिवशी कसा वाचलास?”

“तुला माहीत नाही?” तो मराठी सोडून इंग्रजीत गेला, समरीन मध्ये मध्ये मला सांगत होती. “आदल्या संध्याकाळी राजधानीहून नवी तुकडी आली होती. त्यांना कागद माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायचाही नव्हता. मेजर अकोलनं उजाडायच्या आत एका कोळ्याला नावेतून आमच्याकडं पाठवलं. निरोप होता, ही माझी माणसं नाहीत, गुरं घेऊन निघा. आम्हाला दोन तास मिळाले. पुरलेली माणसं तुम्ही पाहिली असतील, जी निघाली नाहीत ती. बाकी सगळे निघालो.”

“आणि मेजर?”

“त्याला धरून नेलं. पुढचं मला ठाऊक नाही. मी पुष्कळ विचारलं.”

गादीच्या कापडावर हात फिरवत मी बसून राहिलो. आठ वर्षं ज्या माणसाला मी मनात शिव्या घातल्या, त्यानं पहाटे नाव पाठवली होती.

स्टीफन पुढे सांगत होता. एकोणीस दिवस ते चालले, दलदलीतून, मग कोरड्या रानातून. खायला काही नव्हतं. वाटेत दुसऱ्या गावांची गुरं घटसर्पानं पडलेली दिसायची, गिधाडं बसलेली. यांची पडली नाहीत. “निळ्या पट्ट्याची सगळी चालली. लेकरं, म्हातारी, सगळे त्या दुधावर जगलो. माझी आई ब्याऐंशीची होती, ती पोहोचली. ती विचारायची, सुई देणारा तो बुटका माणूस कुठला?”

“घाटघर म्हण,” मी म्हणालो. “आता विसरू नको.”

“घाट-घर,” त्यानं जपून म्हटलं.

जैबुन्निसानं फोन आपल्याकडे ओढून घेतला. ती त्याच्याशी बोलायला लागली, जेवलास का, शाळेत पोरं त्रास देतात का, गुडघ्याला तेल लावतोस का. त्याला मराठी पुरत नव्हती आणि तिला इंग्रजी येत नव्हती, पण दोघांचं अडलं नाही. तन्वीर मला सांगत होता की दर ईदला असंच चालतं, अर्धा तास. रेंज गेली तेव्हाही ती पडद्याकडे बघून एक वाक्य बोलून गेली.

मग तिनं मला जेवायला बसवलं. मी जेवून आलोय म्हटलं, ते तिनं ऐकलं नाही. दुपारच्या गाडीसाठी मी निघालो. तन्वीर स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो आणि त्यानं कॉलेजातल्या स्टीफनच्या गोष्टी सांगितल्या, मी नदीवरच्या. एक गाडी आम्ही जाऊ दिली. दुसरीही गेली.

“मेजरचं नाव लिहून दे,” निघताना तन्वीर म्हणाला. “अम्मी नमाजनंतर दुआत बऱ्याच जणांची नावं घेते.”

येतानाच्या तिकिटाच्या मागे मी नाव लिहून दिलं.